नारू ओढायचा नसतो

नांदुऱ्याच्या फलाटावर मी शांताताईची पेटी घेऊन उभी होते. लोखंडी पेटी, झाकणावर पांढऱ्या पेंटनं 'कु. शांता, सोनाळा' लिहिलेलं. ताई आली नव्हती. तिचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता, ती तापानं घरी पडली होती. बाबा म्हणाले, "नाव खोडत नको बसू. पेटी तिची हाये, तिलेच परत द्या लागन." गाडी आली, मी चढले. रडू येत होतं असं लिहिलं तर खोटं होईल. खिडकीची जागा मिळाली म्हणून मी खूश होते.

सोनाळ्यात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, तुम्ही माझ्या सत्काराला आलात, हार घातलात. आता या पेपरात जरा हेही वाचा.

आमची माय लवकर गेली. ताईला शाळेत उशिरा घातलं, म्हणून आम्ही दोघी एकाच वर्गात. पुण्याच्या कॉलेजात दोघींचंही नाव लागलं. बाबांनी सांगून टाकलं, "एक जाईन, एक माह्याजवळ राहीन. शांता हुशार हाये, शांता जाईन." मी मान हलवून हाव म्हटलं आणि भाकरी थापायला बसले.

निघायला दहा दिवस राहिले आणि ताईच्या घोट्याजवळ नारू निघाला. आजच्या पोरांना नारू ठाऊक नाही, बरंच आहे. प्यायच्या पाण्यातून तो पोटात जातो, वर्षभरानं पायावर फोड येतो आणि फोडातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत बाहेर डोकावतो. तो काडीला गुंडाळायचा, रोज एक वेढा. ओढला की तुटतो, आत राहिलेला सडतो, पाय कामातून जातो. आमच्या वस्तीत हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. रहाटाची विहीर वरच्या आळीची. आम्हाला पायऱ्यांची बारव. नारूचा पाय घेऊन त्याच पाण्यात उतरायचं आणि तेच पाणी घागरीत भरून प्यायचं. पुढे माझ्या पहिल्या शोधनिबंधात हे सगळं 'पाण्याच्या स्रोताचा प्रकार' या एका रकान्यात बसलं. आळीचं नाव लिहायची गरज पडली नाही.

वेढा बाबाच द्यायचे. निघायच्या तीन दिवस आधी ते सकाळीच कामाला वरवट बकालला गेले. ताई म्हणाली, "आजचा वेढा तू दे. हळू दे पण." मी एक दिला. दुसरा दिला. मग ओढला.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी बाबा आले तेव्हा म्हणाली, "माह्याच हातून तुटला." बाबांनी तिच्या थोबाडीत मारली. मी चूल फुंकत होते.

पुण्यानंतर इंग्लंड झालं. लॅब, ग्रँट, पोस्टडॉक, आफ्रिकेत चाडमधली गावं. आपल्या देशातून नारू गेला, मी मात्र जिथे तो उरला तिथे त्याच्या मागे फिरले. विद्यार्थी म्हणतात, मॅडमच्या हाताला फार धीर आहे. तिकडे एका बाईच्या पायातला नारू मी सतरा दिवस गुंडाळला, मोबाइलवर रिमाइंडर लावून. अखंड निघाला. कॉन्फरन्समध्ये माझ्या पहिल्या स्लाइडवर ताईचा पाय असतो. चेहरा नाही, नुसता वाळलेला, वाकडा पाय. तिला विचारलं नाही. सभागृह गप्प होतं आणि मला बरं वाटतं. अशी आहे मी.

बाबा वारल्यावर मी घरी गेले होते. ताई पाय ओढत चहा करत होती. अंगणवाडीत खिचडी शिजवण्यात तिचा जन्म गेला. दरवेळी विचारते तसं तिनं विचारलं, "माही पेटी आणली का?" पेटी मी पुण्याच्या हॉस्टेलातच टाकून आले होते, पहिल्याच वर्षी. पोरी मला शांता म्हणायला लागल्या होत्या, ते सहन होईना.

मग चहा गाळता गाळता ती म्हणाली, "मले एकच सांग. वढला तवा तुटते हे तुले मालूम होतं का नाही?"

"नाही गं ताई," मी पुण्याच्या मराठीत म्हणाले. "तुला गाडी मिळावी म्हणून घाई केली."

"बरं," ती म्हणाली. "साखर टाकू का?"

इकडे लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? पत्ता इंग्लंडचा आहे, पासपोर्टही. पण घर म्हणजे ती चूल. मी काय केलं हे माहीत असलेलं एकमेव माणूस तिथे बसलंय, आणि मला चहात साखर विचारतं. तिथे खोटं बोलून आल्यापासून मला कुठेच धड बसवत नाही.

ताई, सामानाला गुंडाळून आलेला पेपरचा तुकडाही तू वाचल्याशिवाय फेकत नाहीस. हेही वाचशील. मले मालूम होतं. वढला तवा मी तुह्या पायाकडं पाहतच नव्हती. भिंतीजवळ भरून ठेवलेल्या तुह्या पेटीकडं पाहून राह्यली होती.