अकरा नावांची गढी

विश्वास हा शब्दांवर क्वचितच उभा असतो. बहुधा तो एखाद्या जुन्या संस्कारावर उभा असतो. भोकरदन तालुक्यातील एका गावी, गढीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आसराबाईंचा संस्कार एवढाच होता, की ज्याने आपल्या चुलीची भाकरी खाल्ली तो उलटत नाही.

त्यांच्या सासरच्या धनगर पूर्वजांनी त्या गढीसाठी चुना वाहिला होता. तट चढवताना भिंतीखाली गाडल्या गेलेल्या अकरा जणांची नावे आसराबाईंना सासूकडून मिळाली होती. दसऱ्याला गढीचा उंबरा सारवताना त्या ती क्रमाने उच्चारीत. गढीच्या अभ्यासासाठी येणाऱ्या गोरक्षनाथ या अंबडच्या इतिहासशिक्षकाला त्यांनी दोन हिवाळे जेवू घातले आणि ती सारी नावे सांगितली. गढीवर लागणाऱ्या माहितीफलकावर ती लिहीन, असे त्याने वचन दिले.

फलक लागला, तेव्हा नात प्रांजलीने तो मोठ्याने वाचला. त्यावर जहागीरदारांच्या सात पिढ्या होत्या. चुना वाहणाऱ्यांचा उल्लेखही नव्हता.

“लेकरा, नावं कुठं गेली?” आसराबाईंनी गोरक्षनाथला विचारले.

“आजी, जहागीरदाराच्या घरचे म्हणले, मजुरायची नावं गढीवर शोभत न्हाईत. मंग मी काय करू?”

“अन् मजुरायची भाकर बराबर शोभली तुला!”

त्या दसऱ्याला त्यांनी उंबरा सारवला, पण ओठ हलले नाहीत. पुढे कुणालाच, प्रांजलीलाही, त्यांनी ती नावे सांगितली नाहीत.

गेल्या पौषात आसराबाई वारल्या. लहानपणी दसऱ्याला कानावर पडलेल्या अकरांपैकी तीन नावे प्रांजलीला आठवतात.