मागच्या बाजूचं काम

शेजारच्या सखूबाईचा पाय गॅलरीच्या फळीतून मांडीपर्यंत खाली गेला होता. तिच्या काखेत हात घालून मी तिला धरून बसले होते. आमच्या चाळीचे सेक्रेटरी धावत आले आणि जिन्यापाशीच थांबले.

"मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं ना, मागच्या बाजूचं काम पेंडिंग आहे म्हणून? बघून चालायचं."

मी विचारलं, "पेंडिंग म्हणजे काय हो?"

ते हसले. "आजीबाई, पेंडिंग म्हणजे पेंडिंग. तुम्हाला मराठीत सांगूनपण कळायचं नाही. तुमच्या लोकांना सगळं लगेच पाहिजे, आणि फुकट पाहिजे."

जमलेल्यांतले दोघे-तिघे हसले. सखूचं रक्त माझ्या लुगड्याला लागलं होतं.

लालबागची चाळ. पुढे त्यांच्या खोल्या, मागे संडासाच्या अंगाला आम्हा बौद्धांच्या. त्यांच्या गॅलरीचा कठडा नुसता हलला, तर सुतार आले. ते अर्जंट. आमच्या गॅलरीला वाळवी लागली. रोज केर काढताना लाकडाचा भुगा सुपलीत यायचा. ते पेंडिंग.

हा शब्द माझ्या जुन्या ओळखीचा. गिरणी बंद पडली तेव्हा नवरा गेटवर जाऊन यायचा आणि म्हणायचा, पेंडिंग आहे. मरेपर्यंत म्हणाला. मला वाटायचं, पेंडिंग म्हणजे मंद आचेवर ठेवलेली आमटी. कुणीतरी मधूनमधून ढवळतंय. कुणी ढवळत नव्हतं. खाली आचच नव्हती.

सखूला हॉस्पिटलात नेलं. संध्याकाळी मी नातीला विचारलं. ती ऑफिसात कामाला जाते.

"काम करायचंय, पण आत्ता नाही," ती म्हणाली.

"मग कधी?"

"ते त्या शब्दात नसतं, आजी."

मी चौथी शिकले. तेवढ्यात हे कळलं.

विसर्जनाची मिरवणूक आमच्या मागच्या रस्त्यानं जाते. वर्षभर आमच्याकडे पाऊल न टाकणारे त्या दिवशी पाहुणे घेऊन आमच्या गॅलरीत येतात. पाण्याची बाटली स्वतःची आणतात. आणि आम्ही त्यांना खुर्च्या द्यायचो. आपल्याच गॅलरीत त्यांच्या पाठीमागे टाचा वर करून उभ्या राहायचो. वर आनंद मानायचो.

यंदा मी जयंतीच्या पताकांची दोरी काढली, गॅलरीच्या तोंडाशी आडवी बांधली आणि खुर्ची टाकून बसले. सेक्रेटरी व्याह्यांना घेऊन आले. नटलेल्या बायका, कडेवर पोरं.

"आजी, सरका. पाहुणे आलेत."

"गॅलरी पेंडिंग आहे."

"अहो, घटकाभर उभं राहिल्यानं काय होतंय?"

"सखूबाईला विचारा."

"चाळ काय तुमच्या बापाची आहे?"

"नाही. मरायला तेवढी आमची आहे."

तेवढ्यात खाली ढोल सुरू झाले. डोक्यावरचा वासा करकरला. माझ्या मांडीवर भुगा पडला. थोडा नाही, पसाभर. विहीणबाईंनी नातवाला मागे ओढलं. सेक्रेटरींनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा वर पाहिलं.

"बघून घेईन तुम्हाला," जाताना म्हणाले.

बघा. बघायलाच तर सांगतेय.

गॅलरी अजून तशीच आहे. आम्ही भिंतीला अंग घासत एकेकट्या जातो. सखू काठी घेऊन जाते, आधी काठी टेकून फळी बघते. भुगा वाढलाय. ढोल नसतानाही वासा आता वाजतो.

रोज सकाळी मी तो भुगा सुपलीत भरते आणि सेक्रेटरींच्या दारात नेऊन ओतते. विचारते, "कधी?" ते पेंडिंग म्हणाले की मी उंबऱ्यावरच बसते. त्यांना ऑफिसला जायचं असतं. मला कुठे जायचं नाही. सुतार येईपर्यंत मी हेच करणार आहे. दोरीही सोडणार नाही.

सखूचा पाय ज्या फळीतून खाली गेला, तिच्यापलीकडची शेवटची खोली माझी. मी तिथे राहते.