माल्टात तिघांचा संसार थाटायला किती लागतं, हे बघायला गेलो

सुधीर, म्हणजे माझा नवरा, ओझरच्या विमान कारखान्यात अठरा वर्षं मेकॅनिक आहे. माल्टातल्या एका विमानदुरुस्तीच्या कंपनीनं त्याला महिना बाराशे युरोंची नोकरी देऊ केली, तेव्हा मी आधी नकाशा उघडला. इटलीच्या पायाखाली एक ठिपका. मग बाराशेला साठानं गुणलं आणि मटकन खाली बसले. बहात्तर हजार!

"आधी दोघं बघून येऊ," सुधीर म्हणाला. "दहा दिवसांत खर्चाचा अंदाज येईल."

आठ वर्षांच्या मुक्ताला नाशिकमध्ये माझ्या बहिणीकडे ठेवलं, पॅथॉलॉजी लॅबमधून रजा घेतली आणि मुंबईहून निघालो. दुबईला विमान बदललं, वाटेत सायप्रसला तासभर थांबलो. माल्टात उतरलो तर विमानतळाबाहेर पिवळ्याधमक जुन्या बसगाड्या, ड्रायव्हरच्या डोक्यावर मेरीमातेची तसबीर. तिकीट अर्ध्या युरोहूनही कमी. म्हटलं, स्वस्ताई आहे की!

दुसऱ्या दिवशी भाजी बघायला बाहेर पडले. त्याच वर्षी, म्हणजे २००८ मध्ये, तिथे युरो आला होता, त्यामुळे पाटीवर जुने लिरा आणि नवे युरो असे दोन्ही भाव. कांदा एक युरो किलो. साठ रुपये! लासलगाव घरापासून तासाभरावर असलेली मी त्या ढिगासमोर उभी राहिले आणि दुकानदाराला दोनदा विचारलं. कोथिंबिरीच्या सात-आठ काड्या प्लास्टिकच्या डबीत, पन्नास रुपये. पुरुषांचे केस कापायला पावणेपाचशे. नळाचं पाणी समुद्राचं गोड केलेलं, पण चहा खारट लागे, म्हणून प्यायचं पाणी विकत. स्वस्त काय? पाव, आणि वाटाण्याचं सारण भरलेली करंजीसारखी पास्तीत्सी. पंधरा रुपयांत एक, गरमागरम. दुपारी आम्ही तेवढंच खायचो.

दोन खोल्यांच्या फ्लॅटचं भाडं चोवीस हजार. वीज आणि पाणी वेगळं. सगळ्यात मोठा धक्का मला कंपनीच्या ऑफिसात बसला. बायकोला व्हिसा मिळेल, पण नोकरीसाठी परवाना स्वतंत्र काढावा लागेल, आणि तो मिळेलच असं नाही. म्हणजे माझा पगार शून्य.

"कसं भागायचं रे?" मी प्रत्येक दुकानातून बाहेर पडताना म्हणत होते. सुधीर नुसता मान हलवायचा.

चौथ्या दिवशी बिर्झेबुजा नावाच्या समुद्राकाठच्या गावात कारमेनबाईंचं घर बघायला गेलो. साठीच्या बाई, हसऱ्या. लिंबाचं सरबत दिलं आणि जिन्यानं थेट गच्चीवर नेलं. तिथे एक खोली, एक पलंग, एक शेगडी.

"आम्हाला तिघांसाठी हवंय," मी इंग्रजीत सांगितलं.

बाई गोंधळल्या. "पण तुमच्या यजमानांनी नोव्हेंबरमध्येच कळवलं होतं. एकटा पुरुष, किमान दोन वर्षं."

मी सुधीरकडे पाहिलं. तो खिडकीची कडी बघत होता.

मी खाली उतरले, रस्ता ओलांडला आणि किनाऱ्यावरच्या बाकावर बसले. थोड्या वेळानं तो येऊन शेजारी बसला.

"तिघांचं इथे जेमतेम भागतं. एकटा राहिलो तर महिन्याला तीस-पस्तीस हजार उरतात," तो म्हणाला.

"हे तुला नोव्हेंबरमध्येच माहीत होतं?"

"हो."

"मग मला कशाला आणलंस?"

"मी घरी सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, याला आपण नकोच आहोत. म्हटलं, भाव तूच बघ. तूच म्हणशील, आम्ही नाही येत."

आणि मी चार दिवस तेच तर म्हणत होते! प्रत्येक कांद्याच्या ढिगासमोर. इतकी मोठी फसवणूक इतक्या प्रेमानं होऊ शकते, हे मला तिथे कळलं. उरलेले दिवस आम्ही फक्त बसच्या नंबरांबद्दल बोललो.

घरी पोचलो, पाठोपाठ बहीण मुक्ताला सोडून गेली. मुक्तानं दारातच विचारलं, "बाबा, माझी खोली केवढी आहे?"

सुधीरनं माझ्याकडे बघितलं. मी बॅगा आत नेल्या. मनात म्हटलं, तुझं उत्तर तूच दे.

त्यानं तिला खरं सांगितलं. खोली एकच आहे, बाबाची. वर्षातून एकदा येईन.

"बरं," मुक्ता म्हणाली, आणि मावशीकडून आणलेली वह्यापुस्तकं कपाटात लावायला लागली. सुधीर बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत उभा होता.

माल्टा सुंदर आहे, जरूर जा. महिन्याला दोन हजार युरोंच्या खाली कुटुंब घेऊन राहायला मात्र जाऊ नका. मला तो निळा समुद्र अजून आठवतो, पण त्याच्यासोबत तो बाकही आठवतो. राग पूर्ण गेला, असं मी म्हणणार नाही.

मुक्ताशी बोलणं झालं त्याच संध्याकाळी सुधीरनं कॉम्प्युटरवर कंपनीला नकाराचं पत्र लिहिलं आणि मला हाक मारली. "आधी तू वाच."

मी वाचलं. त्याची खुर्ची थोडी सरकवली आणि पाठवायचं बटण स्वतः दाबलं.