गोड बोलणारा सुयावाला

बोरीवलीला आमच्या सोसायटीसमोर सुया टोचून अंगदुखी घालवणारा एक जण बसतो. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात आणि तो म्हणू देतो. माझ्या खांद्यासाठी मीही जायचे. बोलणं काय गोड हो! सुई काढली की लगेच विचारणार, "हलकं वाटतंय ना, मावशी?" आणि आपण तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणणार, "वाटणारच!" तेही दार सताड उघडं टाकून, बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू जावं म्हणून.

परवा गोराईची एक कोळीण आली होती. उजवा हात वर जाईना, मासळीची पाटी डोक्यावर चढवता येईना, म्हणून तिचा धंदाच बसला होता. सुया काढल्यावर ती म्हणाली, "नाय जात वर." तर या गृहस्थाने काय करावं? तिचं मनगट धरून हात स्वतःच वर उचलला आणि बाकाकडे बघून म्हणाला, "बघा, गेला की नाही!" बाकावरच्यांनी माना डोलवल्या.

ती कळवळली. "मेल्या, तू उचललास म्हनून गेला! उद्या बाजारात पाटी चढवाया येशील काय रं?"

"मनात शंका असली की सुई लागू पडत नाही," म्हणत त्याने मनगट सोडलं. हात धपकन खाली आला. आणि तितक्याच गोडीने मला म्हणाला, "या मावशी, तुमचा नंबर."

मी उठले. तिला एका हाताने पदर घेता येत नव्हता, तो नीट केला आणि म्हटलं, "चल गं, हाडांच्या डॉक्टरकडे जाऊ."