दोघींत एक कार्ड

मी जन्माची भित्री. दार वाऱ्यानं वाजलं तरी माझा हात आधी छातीवर जातो, मग कडीकडे. त्यामुळे आईच्या पित्ताशयात खडे आहेत आणि ते ऑपरेशन करून काढावे लागणार, हे कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आई मात्र वरवट बकालहून खामगावला अशी निघाली, जणू कुणाच्या साखरपुड्याला चाललीय. नवी साडी, पिशवीत भाकरी-पिठलं आणि सोबत काकू.

काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. लग्न होऊन आल्यापासून दोघी एका चुलीवर. दोघींत छत्री एक, जवळचं बघायचा चष्मा एक आणि गावाला जाताना घालायची बरी चप्पलही एकच. जी जाईल तिनं ती घालायची. पोलकी तेवढी वेगळी, कारण आई चांगली भरदार आणि काकू काडीसारखी. त्या दिवशी चप्पल आईच्या पायात होती आणि काकू साध्या रबरी स्लिपरवर आली होती. त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

आमच्या घराला दवाखान्याची धास्ती बसली ती बाबांच्या आजारपणात. रिपोर्टांची पिशवी घेऊन आम्ही एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरायचो. नवा डॉक्टर पिशवीत डोकवायचाही नाही. ‘हे जुने झाले, पुन्हा करून घ्या.’ तेच रक्त, तोच फोटो, तीच सोनोग्राफी. पिशवी फुगत गेली आणि बाबा वाळत गेले. म्हणून पुढे जेव्हा आरोग्याचं कार्ड निघालं आणि सगळे रिपोर्ट कॉम्प्युटरवर राहतील, कुठल्याही डॉक्टरला दिसतील असं कळलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता.

खामगावचे डॉक्टर तरुण होते, आवाज मऊ. त्यांनी आईच्या कार्डाचा नंबर घेतला. आईच्या साध्या फोनवर एक आकडा आला, तो मी वाचून सांगितला. एरवी आई त्या फोनचं फक्त हिरवं बटण ओळखते. मेसेज म्हणजे कंपनीवाल्यांची कावकाव, असं तिचं ठाम मत.

“वा,” डॉक्टर म्हणाले. “गेल्या महिन्यातल्याच तपासण्या आहेत. पुन्हा करायला नकोत, तेवढाच खर्च वाचला.”

मला वाटलं, बाबांच्या वेळी हा माणूस कुठे होता!

मग ते बोलता बोलता थांबले. त्यांनी चष्मा सारखा केला आणि पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

“मागच्या वर्षी यांची किडनी ठणठणीत होती. आता फार कमी काम करतेय. पाय सुजतात का? भूक मंदावलीय?”

“नाही बा,” आई म्हणाली. “मले तं उलटी जास्तच भूक लागते.”

“असं असेल तर ऑपरेशन इथं करायची जोखीम मी घेणार नाही. अकोल्याला न्यावं लागेल.”

डोळ्यांसमोर एकदम बाबांची पिशवी आली. मला रडू फुटलं आणि ते आईला दिसू नये म्हणून मी उगाच छताच्या पंख्याकडे पाहत राहिले.

“कुठचे रिपोर्ट हायेत हे?” आईनं विचारलं.

“तुमच्याच गावचे. शाळेत कॅम्प झाला होता ना, तिथले.”

मी डोळे पुसून उठले आणि स्क्रीनपाशी गेले. रिपोर्टाच्या वरच वजन लिहिलेलं होतं, एकेचाळीस किलो. एकेचाळीस! तेवढी तर माझी आई नुसती कमरेखालीच भरेल.

“डॉक्टर, ही आई नाहीच!” मी ओरडलेच. मला हसू आवरेना. मेलेलं माणूस उठून बसावं तसा मला आनंद झाला. डॉक्टरही हसले.

आई हसली नाही. ती दाराच्या काचेतून बाहेर बघत होती. बाहेर बाकावर काकू बसली होती.

“मग हे रक्त कोणाचं?” डॉक्टरांनी विचारलं.

“तिचा अंगठा मशीनले लागेच ना,” आई हळूच म्हणाली. “निंदून-खुरपून रेषाच राह्यल्या नाहीत. कार्डच निंघालं नाही तिचं. कॅम्पवाले म्हने कार्ड पायजे. म्या म्हटलं, जाय माह्यं घेऊन. आमच्यात कवा तुह्यं-माह्यं झालं?”

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. भीती गेली नव्हती, ती फक्त दाराबाहेर जाऊन बसली होती.

काकूला आत बोलावलं. “मले कायले? मले काय झालं?” म्हणत ती आली. डॉक्टरांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. भूक?

“कमी हाये. बरंच हाये, भाकर उरते.”

पाय सुजतात?

काकूनं पाय साडीत ओढून घेतले. आई वाकली आणि तिनं साडी जराशी वर केली. रबरी स्लिपरचे पट्टे पायात रुतून गेले होते.

“म्हनून तू चप्पल मलेच देत होती?” आई म्हणाली. “मले वाटलं, माह्यी माया येते तुले. काऊन नाही सांगितलं व?”

“कायले सांगू, बाई? भाऊजीच्या टायमाले पायलं नाही का? तपासता तपासता घर खाली झालं.”

डॉक्टर म्हणाले की अजून कदाचित औषधांवर भागेल, पण आधी नीट बघायला हवं. आईचं रक्तही ते नव्यानं तपासणार होते. काउंटरवर काकूचं कार्ड काढायला आम्ही गेलो. मशीननं अंगठा नाकारला. पुन्हा लावला, पुन्हा नाकारला. आईनं तो अंगठा पदरानं पुसला, त्यावर फुंकर घातली, काचेवर ठेवला आणि वरून स्वतःच्या हातानं दाबून धरला. तिचे ओठ हलत होते. हिरवा दिवा लागला तेव्हाच तिनं श्वास सोडला.

स्क्रीनवर काकूचं नाव आलं. त्याखाली सगळं कोरं होतं.

रक्त घ्यायला मुलगी आली तशी काकूनं हात मागे घेतला. “एकदा देल्लं ना म्या कॅम्पात. पुन्हा कायले खर्च?”

“पुन्हा नाही, काकू,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्या नावावर हे पहिलंच आहे.”

काकूनं आईकडे पाहिलं आणि हात पुढे केला. मला सुई बघवत नाही, मी तोंड फिरवलं. आईनं मात्र दोघींतली ती चप्पल पायातून काढली आणि अनवाणीच तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.