रंग न धरणारा पत्रा

ती गाडी मी चालवायला घेतली नव्हती. सौदा झाला तेव्हा तिचं इंजिन जाम होतं, चारही चाकं जमिनीला टेकली होती आणि समोरच्या एका गोल दिव्याच्या खोबणीत चिमणीनं घरटं केलं होतं. मी ती घेतली, कारण तिच्यात माझा बाप मेला आणि मेल्यावर त्याच्यावर आळ आला, की गाडी चालवता चालवता तो झोपला.

आळ घेणारे आमचे मालक. चांदूर बाजारकडचे संत्र्याचे मोठे बागायतदार, माझा बाप त्यांचा ड्रायव्हर. चिखलदऱ्याहून उतरताना घाटात गाडी डोंगराच्या कड्यावर आदळली. मालकांचं गळ्याजवळचं हाड मोडलं, बाप जागीच गेला. मालकांनी दवाखान्यातूनच सांगितलं, "त्याले डुलकी लागली." मालक बोलले म्हणजे गाव बोललं. पुढे शाळेत मी नुसती जांभई दिली तरी पोरं म्हणायची, "बापावर गेलं बे हे." मायला त्याच मालकांच्या बागेत संत्री तोडायला जावं लागलं. बाया झाडाखाली तिच्या देखत बोलत आणि ती टोपलं भरत राही.

मी अकोल्याला आलो. जुने मोटारपंप विकत घेऊन, दुरुस्त करून विकायचा धंदा उभा केला, जठारपेठेत घर बांधलं. कोणाकडून काही फुकट घेतलं नाही आणि कोणी सांगितलेल्या भावात काही घेतलं नाही. माझा आवाज चढतो, असं लोक म्हणतात. चढतो. हळू बोलणाऱ्या बापाचं काय झालं ते मी पाहिलं होतं.

मालक वारले. त्यांचा मुलगा अमरावतीला कोचिंग क्लास चालवतो, त्याला गावची शेड रिकामी करायची होती. गाडी पाहायला गेलो तर म्हणतो, "तुमच्या वडिलांची आठवण आहे. म्हणून दुसऱ्या कोणाला दाखवलीसुद्धा नाही." आणि त्या आठवणीवर त्यानं भाव चढवला.

"आठवन माही हाय," मी म्हटलं. "तिचे पैसे तुमाले कायले देऊ? पत्रा तुमचा हाय, पत्र्याचं बोला."

तो पत्र्याचं बोलला. मग मी सडलेला तळ बोटानं दाबून भोक पाडून दाखवलं, शिव्या देत फाटकापर्यंत गेलो, त्यानं हाक मारली, मी परत आलो. भंगाराच्या भावात गाडी माझी झाली.

मला तिचे ब्रेक पाहायचे होते. बाप झोपणारा माणूस नव्हता, घरीसुद्धा तो बसल्या बसल्या कान देऊन ऐकत असल्यासारखा असायचा. पण अपघातानंतर मालकांनी गाडी दुरुस्त करवून घेतली होती. ब्रेकचे पाइप, सिलेंडर, सगळं नंतरचं निघालं. विचारायला फक्त पत्रा उरला होता. तो साफ करायचा आणि रंगवायचा, एवढंच मी घरी सांगितलं.

माझ्या गोदामात चेनपुली लावून आम्ही इंजिन उपसलं. आम्ही म्हणजे मी आणि एक पेंटर मिस्त्री, जो माझ्याइतकाच तोंडाळ आहे. इंजिन निघाल्यावर बॉनेटखाली जी पोकळी उरते, तिच्यात वाकलं की आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. सगळीकडे बोटभर जाड काळं वंगण, तेल आणि बागेची माती. आधी रॉकेल आणि ब्रश, मग खरवडणी, मग सोड्याचं गरम पाणी, मग तारेचा ब्रश. काळ्या रंगाखाली पुन्हा काळा रंग होता. कोणीतरी आतली बाजू घाईघाईनं, ब्रशनं, एकावर एक हात मारून झाकून टाकली होती.

उन्हाळा होता. अकोल्याची दुपार ज्यानं पाहिली आहे त्याला माहीत आहे, त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसतं. आम्ही दार ओढून घेऊन काम करत होतो. पॉलिश पेपरनं पत्रा घासून, पुसून, मिस्त्रीनं प्रायमरचा पहिला हात मारला. राखाडी रंग सगळीकडे एकसारखा बसला. फक्त ड्रायव्हरच्या पायासमोर जो पत्रा येतो तिथे, ब्रेकचा सिलेंडर ज्या लोखंडी पट्टीवर बसतो तिच्याखाली, तो बसेना. ओला रंग आमच्या डोळ्यांदेखत आक्रसत बाजूला सरकला आणि मधे पत्रा उघडा पडला.

"तेल राह्यलं असंन," मिस्त्री म्हणाला.

पुन्हा धुतलं, पुन्हा घासलं, थिनरनं पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात मारला. रंग पुन्हा सरकला. तिसऱ्या वेळी मिस्त्रीनं स्प्रे गन खाली ठेवली.

"भाऊ, हे गाडी रंग घेऊन नाही राह्यली."

"गाडी कोन आली रंग न घेनारी? तुले मारता येत नाही म्हन."

"मले येत नाही तं तुमी मारा. मी उभा राहून पाह्यतो. टाळ्याबी वाजवतो."

मी मारला. रंग सरकला. टाळ्या त्यानं वाजवल्या नाहीत.

माझं डोकं फिरलं. ब्लो लॅम्प पेटवला आणि ती पट्टीच तापवायला घेतली. तिच्या मागच्या अंगाला रंगाचा एक गोळा होता, तो आम्ही आजवर डांबराचं ढेकूळ समजत होतो. तापल्यावर तो मऊ झाला. खरवडणी घातली तर आत कापड निघालं. काळं कापड, त्याला तांब्याच्या तारेचे वेढे, आणि ती तार पट्टीला पिळून घट्ट बांधलेली. कापड फाटलं आणि त्यातून काळपट तेल माझ्या तळहातावर ओघळलं.

मिस्त्री ओरडला, "हात धू नोका! बिब्बे हायेत थे!"

आमच्याकडे बिब्बा औषधालाही लागतो आणि दृष्ट काढायलाही. पण त्याचं तेल अंगाला लागलं की कातडी उतते, फोड येतात, आणि पाण्यानं ते आणखी पसरतं. मिस्त्रीनं खोबरेल आणलं. माझ्या हाताला ते चोपडताना तो त्या पट्टीकडे पाठ करून बसला होता. कापडात बिब्ब्यांबरोबर एक खिळा होता आणि केसांची एक बट. केसांकडे मी पुन्हा पाहिलं नाही. रंग कशानं सरकत होता ते कळलं. तापल्या पत्र्यावर बिब्ब्याचं तेल रोज थोडं थोडं झिरपत होतं. कळून काही हलकं वाटलं नाही.

"हे बंधन हाय," मिस्त्री म्हणाला. "या गाडीत कोनी गेलं व्हय काय?"

"माहा बाप."

त्यानं खोबरेलाच्या बाटलीला बूच लावलं. मग म्हणाला, "कशानं?"

"झोपला म्हनतात."

"मंग सीट बांधली असती, भाऊ. नाहीतं स्टेरिंग. ज्या जाग्यानं मानूस घेतला थो जागा बांधतात. इथं तं बिरेक बांधलं हाय."

मेलेला परत येऊ नये म्हणून करायची ही रीत मलाही माहीत होती. विहिरीत माणूस गेला तर विहिरीचा काठ बांधत नाहीत, ज्या पायरीवरून पाय घसरला ती पायरी बांधतात. ज्यानं ती तार पिळली, त्याला ठाऊक होतं, माणूस ब्रेकनं घेतला.

तार सोडायला मिस्त्री तयार नव्हता. मीही हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या हाताला फडकं बांधून मी चांदूर बाजारला गेलो.

मालकीणबाई आता खूप थकल्या आहेत. पडवीतल्या पलंगावर बसून होत्या. मला ओळखलं, चहा सांगितला. मी काही न बोलता हातावरचं फडकं सोडलं. तळहातावर काळे फोड आले होते. त्यांनी एकदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"सोडलं व्हय तू थे?"

"अजून नाही. तुमीच बांधलं?"

"भगताकून बांधून घेतलं. मंग काय करू रे बाबू? गाडी नीट होऊन आली अन् शेडमधी उभी केली. दुसऱ्या दिवशी पाह्यतो तं बॉनेट उघडं. गड्यानं लावलं. पुना उघडं. मालकाले वाटे, कोनी खोड्या करून राह्यलं. मंग एक दिवस भर दुपारी मीच गेली."

"काय पाह्यलं?"

"कोनी नोतं. बॉनेट वर होतं, अन् बिडीचा वास होता. तुहा बाप बॉनेटात डोकं घालूनच बिडी प्यायचा ना." त्या थांबल्या. "थो दाखवाले उघडे रे."

काय दाखवायला, ते मी विचारलं नाही. त्याच बोलत राहिल्या. त्या सकाळी निघताना बापानं अंगणात मालकांना सांगितलं होतं, ब्रेकचं पेडल खालीच बसतंय, घाटात भरवसा नाही, आज नको. मालक म्हणाले, वर चिखलदऱ्याला पाहुणे वाट पाहत आहेत, चाल. बाईंनी दारातून दोघांचं बोलणं ऐकलं होतं.

"मंग झोपला म्हनून काऊन सांगतलं?" माझा आवाज गेला तो थेट रस्त्यापर्यंत. चहा आणणारी बाई दारातच थबकली.

"मालकानं सांगतलं. मी गप बसली."

"आता बोला. माह्या मायले सांगा. मी फोन लावतो."

त्यांनी डोळे पुसले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं बाग राखलेली बाई होती ती. "सांगतो. पन तू थे बंधन सोडू नोको. माह्या लेकराले, नातवाले काही झालं मंजे?"

"सौदा नाही, बाई. सांगाबी लागंन अन् सोडूबी आमी."

मी फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी सगळं सांगितलं. रडल्या नाहीत, काही गाळलं नाही. शेवटी मी फोन माझ्या कानाला लावला.

मला वाटलं, माय म्हणेल, बरं झालं, डाग धुतला गेला. तेवढ्यासाठी तर मी जन्मभर भांडत आलो होतो. ती म्हणाली, "त्यायले थितं बांधून ठेवलं व्हय? इतके वर्सं? अंधारात?"

बदनामीचं तिनं विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी माय गोदामात आली. दुपारच होती. मिस्त्री बाहेर लिंबाखाली जाऊन बसला. बॉनेटखालच्या त्या रिकाम्या जागेसमोर उभी राहिल्यावर तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, तो कपाळ झाकेपर्यंत. असा पदर घेताना मी तिला बाप गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मी पक्कड पुढे केली. तिनं ती घेतली नाही. हाताला खोबरेल चोपडून, नखानं तारेचं टोक शोधून, एकेक वेढा उलगडत गेली. मी मदतीला वाकलो तर म्हणाली, "तू बोलू नोको. तुह्या आवाजानं घाबरतात थे."

तार निघाली. ती तिनं कापडासकट जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवली. मग पत्र्याकडे पाहून, भाजी घेऊन बाजारातून निघताना बोलावं तशी ती बोलली, "चाला. झालं."

कुठे काही हललं नाही. फक्त त्या पोकळीतून मला आधी ऐकू येणारा माझाच श्वास आता ऐकू येत नव्हता, आणि मी श्वास रोखला आहे की काय, हे पाहायला मला छातीवर हात ठेवावा लागला.

माझी मोटार बाहेर उभी होती. मायनं तिच्याकडे पाहिलंही नाही. "त्यायले आता मोटार नोको," म्हणाली. मी ऑटो थांबवला. ती आत बसली, पार पलीकडच्या कडेला. मी तिच्याजवळ बसायला गेलो.

"सरक," ती म्हणाली.

मी अलीकडच्या कडेला सरकलो. अर्धा बाहेर, फोडांच्या हातानं दांडी धरून. मधे एका माणसाची जागा मोकळी राहिली. पुढच्या चौकात एका माणसानं हात केला, तसा ऑटोवाल्यानं वेग कमी केला आणि मागे वळून बघत म्हणाला, "घेऊ काय हो, मधी?"

"जागा नाही बाप्पा," माय म्हणाली. "चाल तू."