दोन जावांचं सायकलचं दुकान

दुकानाच्या पाटीवर सासऱ्यांचं नाव होतं, पण सगळे त्याला ‘जावांचं दुकान’च म्हणायचे. थोरल्या काकू आणि धाकट्या काकू. दोघींचे नवरे पाठोपाठ गेले तेव्हा ‘आता सायकली दुरुस्त करणार कोण? दुकान विकून टाका’ असं सांगायला एक शेजारी आले. थोरल्या काकू म्हणाल्या, “आधी हे चाक धरा, मग बोला.”

आता दुकान जिच्या हातात आहे, ती तिथं पहिल्यांदा आली ते लेकीच्या सायकलचं पंक्चर काढायला. नवरा घर सोडून गेलेला, हाताला काम नाही. ती पाण्याच्या घमेल्याकडं टक लावून उभी राहिली.

“नुसती बघतेस काय?” थोरल्या काकू खेकसल्या. “तो पाना दे इकडं.”

तिनं पाना दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, आणि मग येतच राहिली.

थोरल्यांच्या जिभेला हाड नव्हतं. चाकाचा आऊट काढताना, म्हणजे डगमगतं चाक सरळ करताना, तिचा हात जरा चुकला, की दुकानात साऱ्या खानदानाचा उद्धार व्हायचा. मग धाकट्या हळूच जवळ यायच्या. “मनावर घेऊ नकोस. लग्न झाल्यापासून मी हेच खातेय. बघ, कसं अंगी लागलंय!” आणि आपल्या ऐसपैस देहाकडं बघून खुदखुदायच्या.

लेक तापानं फणफणली, तेव्हा त्याच थोरल्या दिवसभर तिच्या उशाशी बसल्या. ताप उतरल्यावर आईला म्हणाल्या, “झालं ना? आता उद्या उशीर चालायचा नाही.”

वर्षं सरली. थोरल्यांची नजर गेली, धाकट्यांचे गुडघे. नणंदेच्या मुलीनं दोघींना आपल्याकडं राहायला बोलावलं. दुकान त्यांनी आपल्या हाताखाली तयार झालेल्या तिच्याच हवाली केलं.

निघायच्या सकाळी तिनं बोलायचं बरंच काही मनात जुळवून ठेवलं होतं. पण आधी दाराशी बांधून ठेवलेल्या दोन बॅगा दिसल्या. मग तिचं लक्ष दोघींच्या हातांकडं गेलं. नखांत, बोटांच्या घड्यांत ग्रीस मुरलेलं. ती कोमट पाणी आणि साबण घेऊन समोर बसली.

“भाचीकडच्या चादरी पांढऱ्याशुभ्र आहेत म्हणे,” ती म्हणाली.

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?” थोरल्या म्हणाल्या, पण हात काढून घेतला नाही.

ती एकेक बोट सावकाश चोळत राहिली. चेनमध्ये सापडून चपटा झालेला अंगठा तिनं जपून धरला. थोरल्यांनी चाचपडत तिचा तळवा उलटा केला, त्यावरून बोटं फिरवली.

“तुझेही हात माझ्यासारखेच खरखरीत झाले गं,” त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं कौतुक.

धाकट्यांचे हात धुताना त्यांनी करंगळी मागं ओढली. “एवढी राहू दे काळी. तिकडं कुणी विचारलं तर गप्पांना काहीतरी विषय नको?”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बॅगा चढल्या. खिडकीतून थोरल्यांनी एवढंच बजावलं, “गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नकोस.” जुळवलेलं सगळं तिच्या मनातच राहिलं.

हिवाळ्यात फोन आला. थोरल्या झोपेतच गेल्या होत्या. तिनं दुकानाला कुलूप लावलं आणि मिळेल ती बस पकडली.

भाचीच्या घरी धाकट्या खाटेवर एकट्याच बसलेल्या. रडून डोळे सुजलेले.

“दुकान कोण बघतंय?”

“बंद ठेवलंय.”

“अगं, आज कुणाची सायकल पंक्चर झाली तर?”

“जाईल चालत.”

धाकट्यांना हसू फुटलं, मग त्यातच हुंदका आला. “जाऊबाई असत्या तर तुला फाडून खाल्लं असतं.”

“खायला हव्या होत्या हो,” ती म्हणाली, आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पहिल्यांदाच मोकळेपणानं रडली. धाकट्या तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.